जुनी रॅम, नवी रॅम आणि जॉन फॉन नॉयमन

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझं शिक्षण बालवर्गापासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेच्या आवारात मराठीत बोललं की एक रुपया दंड असायचा, आणि तो डबा वर्षअखेर चांगलाच जड व्हायचा. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरचं, आजीच्या हाताखालचं. यंदा मॅगझिनसाठी लेख घेऊन गेले तर कळलं की इंग्रजी विभाग भरला आहे आणि मराठीची पानं रिकामी आहेत. संपादक मंडळाने हसत हसत मला इकडे ढकललं. तर मित्रमैत्रिणींनो, र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. (फार चुकलेलं नसेल, त्याचं कारण शेवटी सांगते.)

लेख खरं तर रॅमवर लिहायचा होता. जुन्या डेस्कटॉपमध्ये नवी रॅम टाकताना काय काळजी घ्यावी, एवढाच विषय. पण लिहिता लिहिता मी जाऊन पोचले एका माणसापाशी. तो १९५७ साली वारला, पण आपल्या प्रत्येकाच्या टेबलावरच्या यंत्रात त्याचं नाव आहे. परीक्षेत आपण सगळेच फॉन नॉयमन आर्किटेक्चरची आकृती काढतो, चार मार्क घेतो आणि विसरून जातो. मीही विसरले होते. मला त्याची आठवण झाली ती माझ्या रॅममुळे.

झालं असं. माझ्याकडे दादाचा जुना डेस्कटॉप आहे. त्यात आठ जीबीची एकच रॅम होती, डीडीआर-४, २६६६ वेगाची. थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी ती पुरेना. म्हणून मी पॉकेटमनी साठवून आणखी एक आठ जीबीची पट्टी आणली, डीडीआर-४च, पण दुसऱ्या कंपनीची आणि ३२०० वेगाची. बसवली, मशीन सुरू झालं, सोळा जीबी दिसली. मी खूश! मग बघते तर दोन्ही पट्ट्या २६६६ वरच चालत होत्या. आता जास्त पैसे मोजून ३२०० ची आणली आणि ती जुनीच्या चालीने चालणार? मला काही ते पटलं नाही. बायोसमध्ये जाऊन मी एक्सएमपी प्रोफाइल लावलं आणि दोघींना ३२०० वर पळवलं. मशीन कधी सुरू व्हायचं, कधी व्हायचं नाही. सुरू झालं की चालायचं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्ट सेव्ह करताना स्क्रीन निळी झाली, आणि पुन्हा उघडला तेव्हा फाइल उघडेना.

माझी रूममेट डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची. हार्डवेअरमध्ये तिचा हात कोणी धरू शकत नाही. रात्री साडेअकराला तिने कॅबिनेट उघडलं आणि आधी मला वेड्यात काढलं. मग एकेक पट्टी वेगवेगळी लावून बघितली. एकटी एकटी दोन्ही उत्तम. दोन्ही एकत्र ३२०० वर लावून मेमटेस्ट चालवला, तर लाल ओळींचा पाऊस. सेटिंग परत ऑटोवर टाकलं, एकही चूक नाही. वाईट कुठलीच पट्टी नव्हती. वाईट होता माझा हट्ट.

तिने मला जे समजावलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे म्हणून इथे देते. प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक छोटीशी चिप असते, एसपीडी नावाची. पट्टीचा वेग, टायमिंग, व्होल्टेज हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, म्हणजे पट्टीची कुंडलीच म्हणा ना. मशीन सुरू होताना बायोस दोघींच्या कुंडल्या वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग ठरवतो. म्हणजे हळू असलेलीच्या मापाने. वेगळ्या कंपनीची, वेगळ्या वेगाची रॅम एकत्र चालतेच असं नाही, पण बहुतेक वेळा चालते, फक्त हा नियम पाळायचा. एक चार जीबीची आणि एक आठ जीबीची असली तरी हरकत नसते. बऱ्याच बोर्डांवर त्यातले चार आणि चार जोडीने ड्युअल चॅनलमध्ये चालतात, उरलेले चार एकटे. पण डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ ही मात्र एकमेकांत मिसळतच नाहीत. त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, जोर लावला तर स्लॉटच तुटेल. आणि सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्तात मिळते म्हणून कोणी घेऊ नका, साध्या बोर्डावर ती चालत नाही.

त्या रात्री फाइलची एक जुनी कॉपी तिच्या पेनड्राइव्हमध्ये सापडली, पहाटेपर्यंत आम्ही दोघींनी उरलेलं पुन्हा टाइप केलं. रिपोर्ट वेळेत गेला. पण मला झोप येईना. मनात एकच प्रश्न घोळत होता. दोन वेगवेगळ्या मेमरी एका तालावर चालवायच्या ही भानगड पहिल्यांदा कोणी निस्तरली असेल? शोधत गेले आणि नॉयमन यांच्या चरित्रात अडकले.

नॉयमन यांचं मूळ नाव नॉयमन यानोश. हंगेरीत आडनाव आधी लावतात. जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट. ज्यू कुटुंब, वडील मिक्सा बँकेत मोठ्या पदावर, आई मार्गिट, पाठचे दोन भाऊ. १९१३ मध्ये वडिलांना सम्राटाकडून सरदारकी मिळाली आणि नावात पुढे ते फॉन आलं. घरी दाया, शिक्षिका, चार भाषा. मुलगा सहा वर्षांचा असताना वडिलांशी प्राचीन ग्रीक भाषेत विनोद करायचा असं सांगतात. टेलिफोन डिरेक्टरीचं पान एकदा वाचून पाहुण्यांना नाव-नंबर घडाघडा म्हणून दाखवायचा, असंही सांगतात. (आपल्याला स्वतःचा दुसरा नंबर पाठ नसतो!) म्हणजे ज्या माणसाने पुढे यंत्राच्या स्मरणशक्तीचा आराखडा मांडला, त्याची स्वतःची स्मरणशक्तीच अचाट होती.

शाळा लुथेरन जिम्नॅशियम. तिथे लास्लो रात्स नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांनी या मुलाला ओळखलं आणि त्याच्या वडिलांना सांगून विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून शिकवणी सुरू करवली. एक वर्ष पुढच्या वर्गात होता यूजीन विग्नर, ज्याला पुढे १९६३ साली फिजिक्सचं नोबेल मिळालं. एका शाळेत एवढी हुशारी म्हणजे कमालच झाली.

आता पुढचा भाग वाचून मला फार बरं वाटलं, तुम्हालाही वाटेल. मुलाला गणित करायचं होतं आणि वडिलांचं म्हणणं पडलं की गणितात पैसा नाही, इंजिनिअरिंग कर! ही गोष्ट १९२१ ची आहे, पण आपल्या कॉलेजातल्या निम्म्या घरांत कालच घडली असावी अशी वाटते. शेवटी तडजोड झाली. जॉनने आधी बर्लिनला आणि मग झुरिचच्या ईटीएचमध्ये केमिकल इंजिनिअरिंग केलं, आणि त्याच वेळी बुडापेस्ट विद्यापीठात गणितालाही नाव घातलं. तिथे तो तासांना जायचाच नाही, फक्त परीक्षेला उगवायचा. १९२६ साली गणिताची डॉक्टरेट हातात, वय २२. केमिकल इंजिनिअरचा डिप्लोमाही हातात. आमच्या बॅचमध्ये तासांना न जाणारे पुष्कळ आहेत, पण पुढचा भाग अजून कोणाला जमलेला नाही.

त्यानंतर नॉयमन गॉटिंगेनला हिल्बर्ट यांच्याकडे गेले. १९२८ मध्ये गेम थिअरीचा पाया घालणारा निबंध लिहिला, १९३२ मध्ये क्वांटम मेकॅनिक्सचं गणित नीट बांधून देणारं पुस्तक. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्सटनला पोचले आणि १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीचे प्राध्यापक झाले. आइन्स्टाइन तिथेच होते. नॉयमन यांचं वय तेव्हा २९. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि परतीचा रस्ता बंद झाला.

स्वभावाने ते पुस्तकी किडा अजिबात नव्हते. नेहमी सूट घालायचे, पार्ट्या द्यायचे, विनोद सांगायचे. शांततेत त्यांना काम सुचायचंच नाही, मोठ्याने संगीत लावून बसायचे आणि शेजाऱ्यांना त्रास व्हायचा. गाडी इतकी वाईट चालवायचे की अपघात ठरलेले. १९३० मध्ये मारिएट यांच्याशी लग्न झालं, १९३५ मध्ये मुलगी मरिना झाली, १९३७ मध्ये घटस्फोट. १९३८ मध्ये त्यांनी क्लारा डान यांच्याशी लग्न केलं. या क्लाराबाई पुढे स्वतः संगणकाचे प्रोग्रॅम लिहू लागल्या. त्या काळी हे काम करणाऱ्या मोजक्या लोकांपैकी त्या एक होत्या. कोडिंग मुलींचं काम नाही म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

मग आलं दुसरं महायुद्ध. १९४३ पासून नॉयमन लॉस अ‍ॅलामॉसला अणुबॉम्बच्या कामात सल्लागार होते. प्लुटोनियमचा गोळा सगळीकडून एकाच क्षणी आत दाबायचा, त्यासाठी स्फोटकांची रचना कशी असावी, याचं गणित त्यांनी केलं. तशा रचनेचा बॉम्ब ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडला. बॉम्ब कुठे टाकायचा हे सुचवणाऱ्या समितीतही ते होते. हे लिहिताना मी थांबले होते. आवडत्या माणसाबद्दल लिहिताना अशी गोष्ट गाळावी असा मोह होतो. पण मग ते चरित्र राहत नाही, नुसती आरती होते. एवढी बुद्धी आणि एवढा संहार एकाच माणसाच्या नावावर आहे, हे दोन्ही मला मान्य करावं लागलं.

या बॉम्बच्या गणितांसाठी त्यांना वेगाने आकडेमोड करणारं काहीतरी हवं होतं. १९४४ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीन स्टेशनच्या फलाटावर त्यांना हर्मन गोल्डस्टाइन नावाचा लष्करी अधिकारी भेटला. तोही गणिताचा माणूस. गप्पांत त्याने सांगितलं की फिलाडेल्फियाला मूर स्कूलमध्ये एक इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधलं जात आहे. नॉयमन लगेच बघायला गेले. ते यंत्र म्हणजे एनिअ‍ॅक. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब्ज, ३० टन वजन. आणि एवढ्या अवाढव्य यंत्राची चटकन लिहिता-वाचता येईल अशी मेमरी किती? दहा आकडी वीस संख्या! प्रोग्रॅम मेमरीत नव्हताच. नवीन काम द्यायचं म्हणजे तारा उपसून पुन्हा जोडायच्या, स्विच फिरवायचे. त्यात दिवसच्या दिवस जायचे.

ते बांधणारे दोघं इंजिनिअर होते. प्रेस्पर एकर्ट, वय २५, आणि जॉन मॉकली, वय ३६-३७. पुढच्या यंत्रात प्रोग्रॅमसुद्धा मेमरीतच ठेवायचा, हा विचार त्या गटात नॉयमन येण्याआधीच सुरू झाला होता. मेमरीसाठी एकर्ट यांनी पाऱ्याच्या नळीची युक्ती काढली होती. विजेचे ठोके आवाजाच्या लाटा करून पाऱ्यातून सोडायचे, दुसऱ्या टोकाला पकडायचे आणि पुन्हा पहिल्या टोकाला पाठवायचे. फिरत राहिले की लक्षात राहिले. एखादा निरोप विसरू नये म्हणून आपण पुटपुटत जिना चढतो, तसंच हे.

नॉयमन या चर्चांना बसले आणि त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला जमलं नव्हतं. त्यांनी सगळं नीट मांडलं. ट्यूब, तारा, सोल्डर बाजूला ठेवून त्यांनी यंत्राचे अवयव सांगितले. हिशोब करणारा, नियंत्रण करणारा, लक्षात ठेवणारा, आत घेणारा आणि बाहेर देणारा. यंत्राची तुलना त्यांनी मेंदूतल्या पेशींशी केली. आकडे आणि आज्ञा, दोन्ही एकाच मेमरीत. आपण काढतो ती आकृती हीच. ३० जून १९४५ अशी तारीख असलेला हा १०१ पानांचा कच्चा अहवाल गोल्डस्टाइन यांनी टाइप करून घेतला आणि लोकांना वाटला. त्यात काही जागा अजून रिकाम्याच होत्या. पहिल्या पानावर नाव मात्र एकच होतं, फॉन नॉयमन.

एकर्ट आणि मॉकली यांना किती लागलं असेल! रात्ररात्र जागून यंत्र त्यांनी बांधलं आणि जगाने त्या रचनेला नाव दिलं दुसऱ्याचं. पेटंटवरून भांडणं झाली, मार्च १९४६ मध्ये दोघांनी मूर स्कूल सोडलं. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन कोर्टाने एनिअ‍ॅकचं पेटंट रद्द केलं. त्याला बरीच कारणं होती, पण हा अहवाल आधीच सगळीकडे वाटला गेला होता हेही एक कारण धरलं गेलं. नॉयमन यांनी मुद्दाम चोरी केली का? मला तसं वाटत नाही. तो कच्चा मसुदा होता, आणि कल्पना सर्वांना फुकट मिळाव्यात असं त्यांचं मत होतं. पण ज्यांची नावं राहिली त्यांना या खुलाशाचा काय उपयोग?

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या मिनी प्रोजेक्टचा सारांश मी एका स्पर्धेला पाठवला होता. सर्किट रूममेटने केलं, कोडिंग आणखी दोघींचं, लिखाण माझं, कारण माझं इंग्रजी चांगलं. फॉर्म शेवटच्या रात्री भरला. लेखकाच्या रकान्यात माझं नाव घातलं आणि बाकीची उद्या घालू म्हणून सोडलं. तो उद्या आलाच नाही. सारांश निवडला गेला, सरांनी वर्गात माझं कौतुक केलं आणि मी उभी राहून थँक्यू म्हणाले. रूममेट शेवटच्या बाकावर होती. ती काहीच बोलली नाही. हे सगळं त्या रॅमच्या रात्रीच्या आधीचं. म्हणजे तरीही तिने साडेअकराला माझं कॅबिनेट उघडलं होतं. त्या १०१ पानांची गोष्ट वाचली तेव्हा माझे कान गरम झाले.

असो. पुन्हा प्रिन्सटनला जाऊ. युद्ध संपल्यावर नॉयमन यांनी ठरवलं की आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये स्वतःचं यंत्र बांधायचं. बाकी प्राध्यापकांनी नाकं मुरडली. ही जागा विचार करणाऱ्यांची, इथे सोल्डरिंगचा वास कशाला? पण नॉयमन यांनी ज्युलियन बिगेलो यांना मुख्य इंजिनिअर म्हणून आणलं आणि सुरुवातीला तळघरात काम सुरू झालं. गणितवाले आणि हार्डवेअरवाले एका छपराखाली. ही पण दोन जातीच्या रॅमची जोडीच की!

सगळ्यात मोठा प्रश्न मेमरीचा. आरसीए कंपनी सिलेक्ट्रॉन नावाची ४,०९६ बिट्सची ट्यूब बनवून देणार होती. पण ती वेळेत तयार होईना. इकडे इंग्लंडात मँचेस्टरला फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारख्या ट्यूबच्या पडद्यावर ठिपके साठवून दाखवले होते, आणि २१ जून १९४८ ला मेमरीतून प्रोग्रॅम चालवणारं त्यांचं छोटं यंत्र चाललंही. बिगेलो तिकडे जाऊन बघून आले आणि प्रिन्सटनने तीच पद्धत घेतली.

आता नीट वाचा, कारण माझी रॅम इथे येते. प्रिन्सटनच्या यंत्रात अशा ४० ट्यूब्ज होत्या. प्रत्येकीच्या पडद्यावर ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ ठिपके. एक शब्द ४० बिट्सचा, आणि प्रत्येक बिट वेगळ्या ट्यूबमध्ये. म्हणजे एक आकडा वाचायचा तर चाळीसही ट्यूब्जनी एकाच क्षणी, त्याच जागेवरचा ठिपका बरोबर सांगायला हवा. एकोणचाळीस बरोबर आणि एक चूक, तर सगळा आकडाच चूक! ट्यूब्ज बाजारातल्याच होत्या, पण वरून सारख्या दिसणाऱ्या दोन ट्यूब्ज आतून सारख्या नसायच्या. पडद्यावर बारीकसा डाग असला तरी तिथला ठिपका टिकायचा नाही. म्हणून ढिगाने तपासायच्या, बहुतेक बाद करायच्या आणि उरलेल्यांतून जुळणाऱ्या निवडायच्या. बाहेरच्या विजेची ढवळाढवळ नको म्हणून प्रत्येकीला धातूचं आवरण. शिवाय ठिपक्यातला विद्युतभार क्षणात गळून जायचा, म्हणून तो सतत वाचून पुन्हा लिहावा लागायचा. एवढं करूनही भरवसा नव्हता, म्हणून तोच हिशोब दोनदा करून उत्तरं ताडून बघायचे. तेव्हाचा मेमटेस्टच तो.

माझ्या आठ जीबीच्या पट्टीवर आठ काळ्या चिप्स आहेत. प्रत्येकीने आठ बिट्स द्यायचे, मिळून ६४, सगळ्यांनी एकाच तालावर. त्यांचाही विद्युतभार गळतो आणि साधारण ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा ताजी करावी लागते. चाळीस ट्यूब्जची मिळून मेमरी होती ५ किलोबाइट. माझी एक पट्टी तिच्या सुमारे १६ लाख ७७ हजार पट. पण नियम तोच. एकत्र चालायचं तर सगळ्यात मागे असलेल्याला धरून चालायचं. माझ्या हट्टाला त्या चाळीस ट्यूब्जनी १९५२ च्या आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं.

१० जून १९५२ ला त्या यंत्राचं जाहीर उद्घाटन झालं. त्याआधी १९५१ च्या उन्हाळ्यात त्याने पहिलं मोठं काम केलं ते हायड्रोजन बॉम्बच्या गणिताचं. पण त्याच प्रकल्पात ज्यूल चार्नी यांचा हवामानाचा गटही होता. १९५० मध्ये या गटाने एनिअ‍ॅकवर हवामानाचा अंदाज काढला होता. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळजवळ चोवीस तासच लागले! आज मान्सूनचा अंदाज संगणकावर निघतो, त्याचं मूळ तिथे आहे. आणि या वेळी नॉयमन यांनी यंत्राचे आराखडे लपवले नाहीत. अहवाल जगभर पाठवले. त्यावरून इलिनॉय, लॉस अ‍ॅलामॉस, सिडनी, स्वीडन, इस्राएल इथे भावंडं जन्मली. गंमत म्हणजे एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नसे. भावंडंच ती! आपल्याकडे मुंबईत टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक बांधला. १९६० मध्ये तो पूर्ण झाला. त्याचाही शब्द ४० बिट्सचाच होता, फक्त मेमरी फेराइट कोअरची, २,०४८ शब्दांची.

१९५५ मध्ये नॉयमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना कॅन्सर झाल्याचं कळलं. काही महिन्यांत व्हीलचेअर आली. १९५६ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हातून पदक घेतलं ते खुर्चीत बसूनच. नंतर वॉशिंग्टनचं वॉल्टर रीड हॉस्पिटल. संगणक आणि मेंदू यांवर येल विद्यापीठात व्याख्यानं द्यायची होती, ती झालीच नाहीत. अर्धवट राहिलेलं हस्तलिखित १९५८ मध्ये पुस्तक म्हणून आलं.

हॉस्पिटलमध्ये ते भावाला गटेच्या फाउस्टमधल्या पानांच्या सुरुवातीच्या ओळी पाठ म्हणून दाखवायचे. जुनं पाठांतर टिकून होतं. पण विचार करण्याची ताकद हळूहळू जात होती आणि ते त्यांना कळत होतं. मुलगी मरिना तेव्हा साधारण आपल्याच वयाची, विशी ओलांडलेली. त्यांनी तिला सांगितलं की माझी परीक्षा घे, साध्या साध्या बेरजा विचार. सात अधिक चार, अशा. तिने थोडा वेळ विचारल्या, मग तिला सहन होईना आणि ती खोलीबाहेर निघून गेली. जगातला सर्वांत वेगाने हिशोब करणारा माणूस सात अधिक चारवर स्वतःला तपासत होता. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. ८ फेब्रुवारी १९५७ ला ते गेले, वय अवघं ५३. ते गेल्यावर इन्स्टिट्यूटला त्या यंत्राचं काय करावं कळेना. १९५८ मध्ये तेही बंद केलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना भेटले आणि चारही नावांची गोष्ट सांगितली. सरांनी आयोजकांना मेल करायला लावला. उत्तर आलं की सर्टिफिकेट छापून झाली आहेत, पुस्तिकेत दुरुस्ती करता येईल. मग ते रूममेटला सांगायचं होतं. रॅमची तपासणी सोपी होती, हे जास्त अवघड होतं. सांगितलं. ती म्हणाली की तिला माहीत होतं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी मी हा लेख तिच्यासमोर ठेवला आणि वाचशील का म्हणून विचारलं. तिने लाल पेन घेतलं आणि ४३ चुका काढल्या. त्यातल्या बऱ्याच र्‍हस्व-दीर्घाच्या होत्या. एका ठिकाणी मी सर्किट आम्ही केलं असं लिहिलं होतं. तिने आम्ही खोडून ते वाक्य माझ्याकडे परत दिलं. आता वर तुम्ही वाचलंत ते दुरुस्त केलेलं आहे.

माझ्या मशीनमध्ये दोन्ही पट्ट्या अजून आहेत, २६६६ वर. त्यानंतर निळी स्क्रीन एकदाही आली नाही. तुम्ही रॅम वाढवणार असाल तर आधी जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा, सेटिंग ऑटोवर ठेवा आणि एक रात्र मेमटेस्ट चालू देऊन झोपा. आणि ग्रुप प्रोजेक्टचा फॉर्म भरणार असाल तर सगळी नावं त्याच रात्री घाला. हा लेख माझ्या एकटीच्या नावावर छापला जाईल, कारण रकाना एकच आहे. म्हणून इथेच लिहून ठेवते की याचं मराठी आम्हा दोघींचं आहे.

तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी